बैठक विणायच्या आधी खुर्ची उलटी करून पाहा

तुम्ही दोन वस्तूंबद्दल विचारलं आहे. एक, जेवणाच्या टेबलाची जुनी लाकडी खुर्ची. तिची चौकटीच्या भोकांतून ओवलेली वेताच्या जाळीची बैठक मधोमध खोल गेली आहे, पुढच्या कडेला चार-पाच पट्ट्या तुटल्या आहेत आणि सुतार म्हणतो की वर प्लायवूड ठोकून गादी घाला. दुसरी, वेताच्या काड्यांची विणलेली आरामखुर्ची. तिच्या पायावरचं वेष्टण सुटलं आहे, पाठीतल्या काही काड्या मोडल्या आहेत आणि मागच्या बाजूला करडे-काळे डाग पडले आहेत. हे घरी जमेल का, असा तुमचा प्रश्न. जमेल. आरामखुर्ची तर सोपीच आहे. जेवणाच्या खुर्चीला वेळ लागेल, पण तिच्यावर प्लायवूड मात्र ठोकू देऊ नका.

विणलेलं फर्निचर जिथे फाटतं, तिथेच बिघाड असतो असं नाही. तुमच्या खुर्चीच्या पट्ट्या पुढच्या कडेला तुटल्या आहेत. याची नेहमीची कारणं दोन. एक तर पुढच्या दांडीची आतली कड धारदार राहिलेली असते आणि प्रत्येक बसण्या-उठण्याला पट्टी तिच्यावर घासते. नाहीतर चौकटीचे सांधे ढिले झालेले असतात, खुर्ची किंचित तिरकी हलते आणि सांध्यांनी पेलायचा ताण विणीवर येतो. यातलं काहीही तसंच ठेवून तुम्ही कितीही सुंदर वीण घातलीत, तरी ती पुन्हा तिथेच तुटेल. म्हणून दुरुस्तीची सुरुवात खुर्ची उलटी करून, पाय धरून, हलवून बघण्यापासून होते.

आधी साहित्य काय आहे ते ओळखा. वेत ही वेलीसारखी चढत जाणारी ताडकुळातली वनस्पती आहे. तिच्या सुमारे ६०० जाती आहेत आणि बाजारातला बहुतेक वेत आग्नेय आशियातल्या जंगलांतून येतो. बांबू पोकळ असतो, वेत आतून भरीव. त्याची वरची साल सोलून पट्ट्या काढतात, त्या बैठकीच्या जाळीसाठी. उरलेल्या गाभ्याच्या गोल काड्या काढतात, त्या आरामखुर्च्या आणि टोपल्यांसाठी. सालीची पट्टी एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने निस्तेज, तंतुमय असते. चकचकीत बाजूत सिलिका असल्यामुळे ती झिजत नाही, पण पाणीही आत घेत नाही. पाणी शिरतं ते खालच्या बाजूने. ही एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढची बरीच कामं तिच्यावर अवलंबून आहेत. गाभ्याच्या काडीला चकचकीत बाजू नसते, त्यामुळे ती सगळीकडून पाणी पिते आणि डागही चटकन धरते.

शंका असेल तर तुटलेलं एक टोक कापून घ्या आणि घराबाहेर चिमट्यात धरून पेटवा. नैसर्गिक तंतू जळून राख होते, प्लास्टिक वितळून गोळा होतो. पिळलेली दोरी असेल तर टोक उलगडून बघा. आतून कागदाची लांब पट्टी निघाली तर ती कागदी दोरी आहे. तिचे नियम वेगळे, ते खाली सांगतो.

आता बैठकीची खालची बाजू पाहा. चौकटीत चहूबाजूंनी ओळीने भोकं असतील आणि पट्ट्या एका भोकातून दुसऱ्यात जात असतील, तर बैठक हाताने विणलेली आहे. भोकं नसतील आणि वरून बैठकीभोवती एका खाचेत दाबून बसवलेली गोल पट्टी दिसत असेल, तर ती यंत्रावर विणलेली तयार जाळी आहे. थोनेट या फर्निचर कंपनीची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची आणि रचनाकार मार्सेल ब्रॉयरची १९२८ मधली वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची ही वेताच्या जाळीची सगळ्यांना माहीत असलेली उदाहरणं. जाळी दिसायला दोन्ही प्रकारांत सारखीच, अष्टकोनी छिद्रांची, पण दुरुस्तीची वाट पूर्ण वेगळी. तुम्ही भोकांचा उल्लेख केला आहे, म्हणजे तुमची हातविणीची आहे. प्लायवूडला नको म्हणतो ते यासाठीच. भोकांची ती ओळ लाकडाच्या रेषेला समांतर जाते. तिच्यालगत खिळे ठोकले की दांडी त्या ओळीवर उभी चिरते आणि मग बैठक नव्हे, चौकटच बदलावी लागते.

बैठक नुसती खोल गेली असती आणि एकही पट्टी तुटलेली नसती, तर मी तुम्हाला विणायला सांगितलंच नसतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला जाड टॉवेल खालच्या बाजूने बैठकीला लावायचा, वीसेक मिनिटं ठेवायचा, मग खुर्ची सावलीत वाऱ्यावर सोडायची. ओला वेत फुगतो आणि सुकताना आवळतो. पुष्कळ बैठका एवढ्यानेच पुन्हा ताठ होतात. वरून पाणी ओतणाऱ्यांना गुण येत नाही, कारण वर ती न शोषणारी साल असते, आणि पाणी लाकडाच्या पॉलिशवर जाऊन पांढरे डाग पडतात. पूर्ण एक दिवस तिच्यावर कोणी बसायचं नाही. ओला वेत वजनाखाली ताणला गेला तर आणखी खोल जातो.

तुमच्या पट्ट्या तुटल्या आहेत, त्यामुळे हा उपाय पुरणार नाही. तेवढ्याच पट्ट्या बदलता येतात का? येतात. बैठक अलीकडची असेल आणि चुकून काही टोकदार लागून एखादी पट्टी कापली गेली असेल, तर नवी पट्टी जुन्या पट्टीच्या मार्गाने नेऊन दोन्ही टोकं खालून तीन-चार छेदांपर्यंत (छेद म्हणजे पट्ट्या एकमेकींना ओलांडतात ती जागा) जुन्यासोबत चालवायची आणि तिथे गोंदाचा थेंब लावायचा. पण वयाने तुटलेल्या बैठकीला ठिगळ लावण्याच्या मी विरोधात आहे. शेजारच्या पट्ट्याही तेवढ्याच जुन्या, तेवढ्याच कोरड्या असतात. नवी मजबूत पट्टी ताण घेते आणि तिच्या बाजूच्या तटातट सुटतात. बैठक पूर्ण काढून नवी विणा.

एक अपवाद. खुर्ची खरोखर पुरातन असेल आणि वीण मूळची असेल, तर कात्री लावू नका. ती वीण त्या काळच्या कारागिराच्या हाताचा पुरावा असते. अशी खुर्ची बसण्याच्या वापरातून काढा, खालून आधार द्या आणि जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

काढण्याआधी वरून, खालून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो घ्या. मग कडेने कापून जुनी बैठक शक्यतो अखंड बाहेर काढा आणि जपून ठेवा. कोपऱ्यात कुठल्या भोकात किती पट्ट्या जातात, हे विणताना तिच्यावरूनच कळतं. भोकांतले जुने तुकडे आणि खुंट्या खालून वर बोथट खिळ्याने ठोकून काढा. ड्रिल मशीन वापरू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी दोन भोकांमधलं लाकूड कमजोर होतं.

आता चौकट. सांधा हलत असेल तर तो पूर्ण उघडा आणि जुना गोंद खरवडून काढा. जुन्या गोंदावर नवा गोंद बहुधा नीट धरत नाही, आणि सांधे भरूनही पुन्हा हलू लागण्याचं हेच सर्वांत मोठं कारण मी पाहत आलो आहे. जुना गोंद म्हणजे सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेला गोंद) असेल तर तो गरम पाणी आणि थोड्या व्हिनेगरने मऊ होतो. जोडताना मी आजही सरसच वापरतो, कारण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो ओलावा आणि उष्णतेने उकलता येतो. एपॉक्सी लावलेला सांधा नंतर उघडायचा म्हणजे लाकूडच फुटतं. शिकंजे (क्लॅम्प) नसतील तर चौकटीभोवती दोरी गुंडाळून, तिच्यात काठी घालून पिळा, दाब पुरेसा येतो. सांधा सुकल्यावर बैठकीच्या चारही दांड्यांच्या आतल्या कडा पॉलिश पेपरने गोल करा. भोकांच्या तोंडाची धारही बोथट करा. हे दहा मिनिटांचं काम बैठकीचं आयुष्य कितीतरी वाढवतं. पॉलिशही आत्ताच करून घ्या, वीण घातल्यावर ते नीट होत नाही.

चौकटीला एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर आत लाकूड पोखरणारे भुंगेरे आहेत. छिद्रं जुनी, बंद पडलेली आहेत की कीड अजून चालू आहे, हे कळण्यासाठी खुर्चीखाली काळा कागद पसरून काही आठवडे ठेवा. नवी भुकटी पडली तर आधी तिचा बंदोबस्त, मग वीण. लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवणं हा संग्रहालयांत रुळलेला, रसायनाशिवायचा मार्ग आहे.

पट्टीची रुंदी चौकटीवरूनच ठरते, आवडीवर नाही. भोकाचा व्यास आणि एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर साधारण १९ मिलिमीटर असेल तर ३ मिलिमीटरची पट्टी, १६ असेल तर अडीच, १३ च्या आसपास असेल तर सव्वादोन. मध्येच माप पडलं तर बारीक पट्टी घ्या. जाड पट्टी शेवटच्या फेऱ्यांत भोकात मावत नाही आणि ठोकून बसवायला गेलं की दांडी चिरते. नेहमीच्या मापाच्या एका बैठकीला ७५ मीटरच्या आसपास पट्टी लागते.

कोमट पाण्यात पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून एकेक काढत वापरा. रात्रभर भिजत ठेवल्या तर त्या काळवंडतात आणि तंतू सुटतात. प्रत्येक पट्टीवर नख फिरवून पाहा. पेराच्या जागी एका दिशेने नख अडतं, उलट दिशेने घसरतं. ज्या दिशेने घसरतं त्याच दिशेने पट्टी विणीतून ओढली जाईल असं टोक निवडा. उलट ओढलेली पट्टी प्रत्येक छेदावर अडते आणि पेरावर सोलवटते.

वीण सात पायऱ्यांची. पहिली, मागच्या आणि पुढच्या दांडीच्या मधल्या भोकापासून सुरू करून उभ्या पट्ट्या, चकचकीत बाजू वर. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असेल तर कडेच्या पट्ट्या मधल्या पट्ट्यांना समांतर ठेवायच्या आणि बाजूच्या दांडीच्या योग्य भोकात संपवायच्या. त्या मागच्या कोपऱ्याकडे झुकवल्या की सगळी जाळी तिरकी दिसते. दुसरी, त्यांच्यावरून आडव्या पट्ट्या, नुसत्या ठेवलेल्या. तिसरी, पुन्हा उभ्या, पहिल्यांच्याच भोकांतून, पण वरून आणि पहिल्यांच्या उजवीकडे सरकवून. इथवर काहीच गुंफलेलं नाही. चौथीत खरी गुंफण होते. आडवी पट्टी तिसऱ्या पायरीच्या पट्टीवरून आणि पहिल्या पायरीच्या पट्टीखालून जाते, आणि जाळी एकदम धरते. पहिल्या तीन पायऱ्या गच्च ताणू नका. नवशिक्याला पहिल्या उभ्या पट्ट्याच ताठ हव्या असतात, मग चौथ्या पायरीला पट्टी शिरायला जागाच उरत नाही. ताण हळूहळू, पायरीगणिक चढतो. चौथी झाली की ओल्या बोटांनी जोड्या जवळ सरकवून मधले चौकोन सारखे करून घ्या.

पाचवी आणि सहावी पायरी तिरक्या पट्ट्यांची. यातली एक उभ्या जोड्यांवरून आणि आडव्या जोड्यांखालून जाते, दुसरी नेमकी उलट. आधी कुठली दिशा हे तुमच्या आधीच्या मांडणीवर अवलंबून असतं, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. हाताला विचारा. दिशा बरोबर असेल तर तिरकी पट्टी चौकोनाच्या कोपऱ्यात, जोड्यांच्या फटीत अलगद सरकून बसते. चुकीची असेल तर ती छेदावर घासते, ओढताना खरखरते, आणि काही इंचांतच कडा फाटू लागतात. शंका आली की तिथेच थांबा, दोन ओळी उसवा आणि दुसऱ्या दिशेने करून पाहा. कोपऱ्याच्या भोकात एकाच वेळी दोन तिरक्या पट्ट्या येतात, जुन्या बैठकीवरून ते जुळवून घ्या.

टोकं खालच्या बाजूला शेजारच्या भोकामधल्या फेऱ्याभोवती दोनदा गुंडाळून घट्ट करा. गाठ मारताना तो फेरा ओला असायला हवा, कोरडा असेल तर मोडतो. सातवी पायरी किनारीची. थोडी रुंद पट्टी भोकांच्या ओळीवर ठेवायची आणि बारीक पट्टीने प्रत्येक किंवा एकाआड एक भोकातून खालून टाके घालून ती बांधायची. वर उठलेले तंतू कात्रीने कापा. दोन दिवस सुकू द्या. सुकल्यावर बैठकीवर टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायला हवा.

तुमच्याकडच्या इतर खुर्च्यांना खाचेतली तयार जाळी असेल तर काम एका दुपारचं आहे. खाचेतल्या पट्टीच्या दोन्ही कडांना सुरी फिरवून गोंद कापायचा, गरम व्हिनेगर सोडायचं आणि खाचेपेक्षा अरुंद पटाशीने पट्टी उचकायची. खाच तळापर्यंत साफ करा. नवी जाळी चहूबाजूंनी दोन-दोन इंच मोठी कापून अर्धा-पाऊण तास भिजवा. तिच्या रेषा पुढच्या दांडीला समांतर धरा, मागच्या मध्यापासून सुरू करा, मग पुढचा मध्य, मग बाजू, अशा लाकडी पाचरींनी ती खाचेत बसवा. जादा जाळी खाचेच्या बाहेरच्या भिंतीलगत, वरच्या पातळीच्या किंचित खाली कापा. खाचेत पांढरा लाकूडगोंद सोडा आणि भिजवलेली नवी पट्टी लाकडी हातोडीने दाबून बसवा. या जाळीला एका ठिकाणी जरी भोक पडलं तरी ठिगळ टिकत नाही, पूर्ण जाळीच बदलावी लागते.

तेलाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. वेताला अळशीचं तेल लावू नका. चकचकीत साल ते पीत नाही, ते वर चिकट राहतं, धूळ धरतं, काळं पडतं. शिवाय त्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात. बैठकीवर व्हार्निशही नको. त्याचा थर प्रत्येक बसण्याला तडकतो आणि खालून लावला असेल तर पाणी आत जायची वाट बंद करतो. पुढच्या वेळी खोल गेलेली बैठक ओल्या टॉवेलने वर येणार नाही. वेताचा शत्रू कोरडेपणा आहे. खुर्ची थेट उन्हापासून, हीटरपासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. बैठकीवर गुडघा टेकून किंवा उभं राहून वरचं काही काढू नका, सगळं वजन चार पट्ट्यांवर येतं.

कागदी दोरीच्या बैठकीला यातलं भिजवणं लागू नाही. डॅनिश रचनाकार हान्स वेग्नरच्या वाय आकाराच्या पाठीच्या खुर्चीत अशी सुमारे १२० मीटर दोरी असते. डाग पडला तर किंचित ओलसर फडक्याने टिपा, भिजवलंत की पीळ सैल होतो. पाणकणसाच्या किंवा लव्हाळ्याच्या पात्यांची बैठक बहुतेकदा पुढच्या दांडीवर घासून फाटते. तिथेही दांडीची कड आधी गोल करणं आलंच, पण ठिगळ टिकत नाही, पूर्ण विणणं हाच मार्ग.

आता तुमची आरामखुर्ची. ते करडे-काळे डाग बुरशीचे असणार. खुर्ची बाहेर न्या, मास्क लावा, कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि काही तास वाऱ्यावर सुकवा. ब्लीच वापरू नका, ते तंतूंना धरून ठेवणारं लिग्निनच खातं आणि काडी ठिसूळ होते. डागाच्या जागी काडी वाकवून पाहा. लवचीक राहिली तर डाग वरवरचा आहे. कट्‌कन मोडली तर आत कुजली आहे आणि ती बदलायला हवी. खुर्ची जुन्या रंगाने रंगवलेली असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

पाठीतली मोडलेली आडवी काडी बदलताना तुटलेल्या जागेपाशी कापू नका. दोन्हीकडे आणखी एक-दोन उभ्या काड्या ओलांडून, उभ्या काडीच्या मागे जुनी काडी तिरकी कापा. त्याच जाडीची नवी काडी ती सहज वाकेल इतकी भिजवा, त्याच वर-खाली क्रमाने घाला आणि तिची टोकंही उभ्या काडीच्या मागेच टेकू द्या. टोक मोकळ्या जागेत संपलं तर सुकताना बाहेर निसटतं. उभी काडीच मोडली असेल तर तिच्या शेजारून, विणीत टोच्याने वाट करून, नवी काडी वर-खाली चार-पाच ओळी खोल सारा. नवी काडी फिकट दिसेल. थोडा रंग द्यायचा असेल तर घालण्याआधी कडक चहाच्या पाण्यात बुडवा आणि एका तुकड्यावर आधी पाहा. वेत उजेडाने स्वतःही गडद होतो, म्हणून नेमका जुळणारा रंग देण्यापेक्षा एक छटा फिकट ठेवलेली बरी.

पायाचं वेष्टण शेवटी. सुटलेली जुनी पट्टी चांगली असेल तर ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवून तीच वापरा. आत पायाचा सांधा हलतोय का ते मात्र आधी बघा, कारण वेष्टण बहुधा तो हलल्यामुळेच सुटतं. सांध्याला आतून गोंद आणि गरज असेल तर स्क्रू देऊन घट्ट करा. मग पट्टीचं टोक पायाच्या आतल्या बाजूला पितळी चुकीने (बारीक खिळ्याने) पक्कं करा, लोखंडी चूक गंजून वेताला काळा डाग देते. सुरुवातीचं टोक पायाला समांतर ठेवून त्याच्यावरूनच फेरे घ्या, प्रत्येक फेरा मागच्याला चिकटून. शेवटचे चार फेरे थोडे सैल ठेवा, टोक त्यांच्याखालून ओवा, एकेक फेरा ओढून आवळा आणि उरलेलं टोक कडेशी कापून टाका.